असल्या माणसाची चाल

लोक स्वतःच्या पायांवर उभे राहतात. टाप्याच्या बाबतीत उलटं होतं. दुसरेच त्याच्या पायांवर उभे होते.

तो सिनेमाच्या स्टुडिओत पावलांचे आवाज काढायचा. शूटिंगच्या वेळी धरलेला आवाज बऱ्याचदा कामाचा नसे. कॅमेऱ्याची घरघर, कुणाचा तरी खोकला, बाहेर भुंकणारं कुत्रं, सगळं त्यात यायचं. म्हणून नंतर एका बंद खोलीत पडद्यावर ते चित्र लावायचं आणि बघत बघत टाप्यानं चालायचं. खोलीच्या जमिनीत चौकोनी खड्डे केलेले होते. एकात वाळू, एकात खडी, एकात वाळलेली पानं, एकावर फळ्या, एकावर गुळगुळीत फरशी. नायक समुद्रावर गेला की टाप्या वाळूत. खलनायक दिवाणखान्यात आला की टाप्या फरशीवर. कामाला लागला त्याच आठवड्यात त्यानं दोन करवंट्यांवर घोडेस्वारांची अख्खी पलटण दौडवली, तेव्हापासून त्याला टाप्या हे नाव चिकटलं. खरं नाव फक्त ताई घ्यायची, तेही रागावली की.

"माझ्या पायांनी किती नायिकांना गाठलं, किती लग्नं लावली," तो म्हणायचा. "आणि सुट्टी झाली की नवरदेव एकटाच बसची वाट बघत उभा."

त्याची स्वतःची चाल अगदी बिनचवीची होती. पोस्टमननं एका घरी टपाल टाकावं आणि पुढच्या घराकडे वळावं, तशी. कपडेही तसेच. राखाडी पँट, तपकिरी स्वेटर आणि त्याला झोपेत लावल्यासारखी बटणं. रेकॉर्डिंगच्या यंत्रावर बसणारे पोक्त गृहस्थ, ज्यांना सगळे दादा म्हणत, ते एकदा म्हणाले होते, "टाप्या, तू भिंतीपाशी उभा राहिलास ना, की लोक तुझ्यावर छत्री टांगतील."

आता मुद्द्याचं. टाप्याला बायकांमध्ये रस नव्हता. विशीत त्याला ते कळलं, म्हणजे कळल्यासारखं वाटलं. शंका विचारावी तर कुणाला? आईवडील लवकर गेलेले. वाढवलं ताईनं, आणि ताईला असलं काही विचारण्यापेक्षा खिडकीतून उडी मारणं सोपं. घरी शब्दकोश होता, पण त्यात कुठला शब्द शोधायचा हेच माहीत नव्हतं. राहता राहिला सिनेमा.

त्या काळच्या सिनेमात असले लोक तीन प्रकारचे असत. पहिला हसवायचा. तो न्हावी तरी असे, नाहीतर बायकांचे कपडे शिवणारा. गळ्यात रुमाल, मनगट मोडल्यासारखं लोंबतंय, आणि तो आला रे आला की मागे पिपाणीचा एक वेडावणारा सूर. दुसरा खलनायकाच्या उजव्या हाताला बसून मांजर कुरवाळायचा, अत्तर लावायचा आणि मध्यंतराच्या आसपास मारला जायचा. तिसरा नायकाचा जिवलग मित्र. नायकाकडे जरा जास्त वेळ बघायचा आणि शेवटी नायकासाठी आलेली गोळी छातीवर घ्यायचा. तोंडानं कुणी काही बोलत नसे. पण थिएटरातल्या शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना सगळं कळायचं.

तरुण टाप्यानं ठरवलं, आपली परीक्षा घ्यायची. ताई बाहेर गेल्यावर तिचा रेशमी रुमाल गळ्यात बांधून तो आरशासमोर उभा राहिला. मनगट सैल सोडलं. ते लोंबेना. कमरेत लचक आणायला गेला, तर टेबलाला धक्का लागून कपबशी फुटली. मान एका बाजूला कलती करून तो डोळे मिटत होता, तेवढ्यात ताई दारात.

"मान आखडली का रे?" ती म्हणाली, आणि तिनं त्याला खुर्चीत बसवून मानेला दणकून मलम चोळलं. रुमालाबद्दल तिनं काही विचारलं नाही. मान शेकायला बांधला असेल, असं समजली असावी.

मलमाचा वास नाकात असतानाच टाप्यानं निकाल लावला, की आपण नापास. कपड्यांतलं कळत नाही, नाचता येत नाही, मांजराच्या केसांनी शिंका येतात आणि कुणासाठी गोळी खायची तर मुळीच तयारी नाही. म्हणजे आपण ते नव्हे. मग आपण कोण? बहुधा लग्नाचा आळशी. हे उत्तर त्याला इतकं सोयीचं वाटलं, की पुढची बरीच वर्षं त्यानं त्यावरच काढली. ताईनं स्थळ आणलं की म्हणायचा, "ताई, मला उठायचा कंटाळा, तिथे संसार कसला करतोय!"

अशात एक न्हाव्याचा सिनेमा आला. विनोदी चित्र, नायिकेचे केस कापणारा एक लाडिक न्हावी, आणि त्याचा दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक लांबलचक प्रवेश. ती पावलं टाप्यानं द्यायची होती. त्यानं पडदा बघितला आणि नटाच्या पायांबरोबर पाय टाकत फरशीवरून चालून दाखवलं.

"नाही, नाही!" दिग्दर्शक ओरडले. ते तरुण होते, उत्साही होते आणि आपण जगाला खदखदून हसवणार याची त्यांना खात्री होती. "अहो, असला माणूस असा चालतो का?"

टाप्या परत चालला. थोडा हलका.

"तुम्ही बँकेत चाललाय! असला माणूस, असला! कळतंय ना?"

त्या खोलीत, त्या इमारतीत, कदाचित त्या अख्ख्या रस्त्यावर टाप्या हाच एक असला माणूस होता, आणि त्याचीच चाल खोटी ठरत होती. काखेत कळसा म्हणतात तो हाच. फक्त कळशाला स्वतःलाही ठाऊक नव्हतं.

"साहेब," त्यानं घाम पुसत विचारलं, "तुम्ही पाहिलाय का असा कुणी?"

"मी?" दिग्दर्शक एक पाऊल मागे सरकले. "छे! मी कशाला बघतोय!"

"दादा, तुम्ही?"

"सिनेमात पाहिलेत," दादा यंत्राआडून म्हणाले.

शेवटी त्या नटालाच बोलावलं. नट धिप्पाड, मिशा कामापुरत्या उतरवलेल्या, घरी चार मुलं. बिचारा संकोचून फरशीवर उभा राहिला. "मी काही कुणाला पाहून केलं नाही हो," तो म्हणाला. "माझ्या आधी अशी कामं करायचे ना, त्यांचं बघून उचललं. त्यांनी त्यांच्या आधीच्यांचं उचललं होतं."

"आणि सगळ्यात पहिल्यानं?" दादांनी विचारलं.

"तो म्हणे आपल्या मावशीची नक्कल करायचा."

दिग्दर्शकांनी घड्याळ पाहिलं. टाप्याच्या मनात मात्र आलं, म्हणजे विशीत आपण आरशासमोर जी परीक्षा दिली, ती कुणाच्या तरी मावशीची होती. नापास झालो त्यात नवल ते काय!

मावशी तर मावशी. बायकांचे उंच टाचांचे बूट आणले गेले. टाप्यानं त्यात पाय कोंबले आणि चवड्यांवर तोल सावरत टिकटिक टिकटिक करत निघाला. दिग्दर्शक आनंदानं टाळ्या वाजवायला लागले. टाळ्यांनी टाप्याला चेव आला. त्यानं कमरेला एक झटका दिला आणि एक टाच फरशीवरून सटकली. तो धाडकन खडीच्या खड्ड्यात पडला, पडता पडता "आई गं!" असं किंचाळला, आणि चष्मा जाऊन भिंतीवर आपटला.

घोट्याला टरारून सूज आली. दिग्दर्शक धावत आले, वाकले आणि म्हणाले, "हे रेकॉर्ड झालं ना?"

झालं होतं. मग त्या आवाजासाठी न्हाव्याला पाडायचं ठरलं. नटाला पुन्हा बोलावून तेवढा एक प्रसंग नव्यानं काढला. टाप्या पुढे म्हणायचा, "चालून काही जमलं नाही, पण पडलो तर त्यांनी माझ्यासाठी पटकथा बदलली."

घोटा बरा व्हायच्या आधी चष्मा दुरुस्त करणं भाग होतं, कारण चष्म्याशिवाय टाप्याला आपलाच घोटा दिसत नव्हता. लंगडत लंगडत तो कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात गेला. चष्मेवाला त्याच्याच वयाचा, रुंद खांद्यांचा, कानात केस, अंगात एक खाकी कोट, त्याचं एक बटण काळं आणि बाकीची पांढरी. काम करताना शीळ घालायचा, तीही बेसूर. त्यानं नवी काच बसवली, चष्मा टाप्याच्या डोळ्यांवर चढवला, दोन्ही बोटं कानांमागून फिरवून काड्या नीट केल्या आणि अगदी जवळून बघत विचारलं, "नाकावर बसतोय का?"

टाप्याच्या पायाखालची वाळू सरकली. आणि वाळूच्या बाबतीत टाप्याला फसवणं सोपं नव्हतं.

त्यानंतर त्याच्या चष्म्याचे स्क्रू वरचेवर सैल व्हायला लागले. आज डावा, चार दिवसांनी उजवा. चष्मेवाला शांतपणे घट्ट करून द्यायचा, चहा मागवायचा, कामाचं विचारायचा. घोड्यांच्या टापा करवंट्यांनी काढतात हे ऐकून तो इतका खूश झाला, की गिऱ्हाईक ताटकळत ठेवून त्यानं चष्म्याच्या दोन डब्या काउंटरवर आपटून बघितल्या. एके दिवशी स्क्रू आवळता आवळता तो मान वर न करता म्हणाला, "स्क्रू आपोआप सैल होतात. हे मी कित्येकांचं पाहिलंय. पण त्यावर सुरीच्या टोकाचे ओरखडे आपोआप पडत नाहीत."

टाप्या कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला. पळावं तर घोटा अजून दुखत होता.

"तुमचा तो सिनेमा लागलाय ना?" चष्मेवाला म्हणाला. "चला, बघू या."

गेले. थिएटर भरलेलं. न्हावी आला, पिपाणी वाजली आणि लोक हसायला लागले. न्हावी टिकटिक चालला तशी शिट्ट्या पडल्या. न्हावी "आई गं!" करून आडवा झाला तेव्हा तर खुर्च्या हादरल्या. टाप्या अंधारात अंग चोरून बसला होता. त्यानं बाजूला पाहिलं. चष्मेवाला हसत नव्हता. ते बघून टाप्याला बरं वाटायला हवं होतं, पण कारागिराचा स्वभाव आडवा आला. इतकं सुंदर पडलोय आणि हा माणूस हसत कसा नाही?

"तो नाही पडला," टाप्या कुजबुजला. "मी पडलोय. किंचाळलोय पण मीच. तुमच्याकडे घेऊन आलो तो चष्मा तेव्हाच फुटला."

चष्मेवाल्यानं त्याच्याकडे एकदा बघितलं, आणि मग जो हसत सुटला तो थांबेचना. सगळं थिएटर शांत झालं, पडद्यावर नायिका रडायला लागली, तरी हा हसतोय. पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोनदा मागे वळून डोळे वटारले. शेवटी दोघांना उठून बाहेर यावं लागलं.

बाहेर फुटपाथवर डोळे पुसत चष्मेवाल्यानं विचारलं, "पण मला सांगा, असले लोक खरंच असे असतात, असं वाटतं तुम्हाला?"

"काय माहीत," टाप्या म्हणाला. "मी कधी कुणाला पाहिलं नाही."

"मी रोज बघतो. दाढी करताना." चष्मेवाला आता हसत नव्हता. "रुमाल वगैरे काही नसतो त्याच्या गळ्यात."

अशा वेळी माणसानं काय बोलावं? टाप्यानं नायकांची पावलं दिली होती, नायकांचे संवाद शेकडो वेळा ऐकले होते. त्यातला एक तरी आठवावा! त्याच्या तोंडून बाहेर पडलं ते एवढंच, "पण तुम्हाला तर कपड्यांतलं काहीच कळत नाही!"

चष्मेवाल्यानं आपल्या काळ्या बटणाकडे बघितलं, मग टाप्याच्या स्वेटरकडे. "तुम्हाला कळतं?"

अशा रीतीनं, दोन नापास विद्यार्थी एकाच बाकावर येऊन बसले.

वर्षभरात टाप्या चष्म्याच्या दुकानावरच्या खोल्यांत राहायला गेला. ताईला सांगितलं, स्टुडिओ जवळ पडतो. जवळ पडत नव्हता, उलट बस बदलावी लागायची. ताई एका रविवारी खोल्या बघायला आली. स्वयंपाकघर बघितलं, खिडकी उघडझाप करून बघितली, नळ सोडून बघितला. मग आतल्या खोलीत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. टाप्या आणि चष्मेवाला बाहेर तोंडं पाडून उभे, परीक्षकांसमोर उभं राहावं तसे. आत पलंग एकच होता. दुसरा आणून ठेवू या, असं चष्मेवाला आठवडाभर म्हणत होता, आणि टाप्या म्हणत होता, ताई काय आत जाणार आहे!

ताई बाहेर आली. "गादी पातळ आहे," ती म्हणाली. "दोघांच्याही पाठी धरतील. माझ्याकडची कापसाची पाठवते." मग पर्स उचलून चष्मेवाल्याला म्हणाली, "हा झोपेत लाथा मारतो. लहानपणापासून. आता पायाचंच काम म्हटल्यावर काय बोलणार!"

जिन्यावर टाप्या तिला सोडायला गेला. तिसऱ्या पायरीवर थांबून तिनं विचारलं, "तो न्हाव्याचा सिनेमा मी पाहिला. खूप हसले. हसायला नको होतं का रे?"

"हस गं," टाप्या म्हणाला. "पडलो मीच होतो, आणि चांगलाच पडलो होतो."

तिनं त्याच्या गालावर हलकी चापट मारली आणि उतरली.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी, टाप्याच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागल्यावर, गंभीर सिनेमांचे दिवस आले. एक नव्या विचारांचे दिग्दर्शक त्या बंद खोलीत आले. त्यांच्या सिनेमात नायकाचा मित्र नायकावर प्रेम करत होता आणि तसं सरळ म्हणतही होता. पिपाणी नव्हती, रुमाल नव्हता. शेवटी मित्र इमारतीच्या जिन्यानं गच्चीवर जातो आणि खाली उडी घेतो.

"आपल्याला सहानुभूती दाखवायची आहे," दिग्दर्शक हळुवार आवाजात म्हणाले. माणूस मनाचा चांगला होता. पटकथा लिहिताना रडलो, असं त्यांनी स्वतःच सांगितलं.

"मरायलाच हवं का?" टाप्यानं विचारलं.

"मग दुसरं काय करतील ते?"

टाप्याला सांगता आलं असतं. ते कचऱ्याची बादली कुणी खाली न्यायची यावरून भांडतात. एकमेकांचं औषध विसरतात. एक घोरतो, दुसरा लाथा मारतो. पण शौर्याच्या बाबतीत टाप्या आयुष्यभर काटकसरी होता. "जिना दगडी ना?" एवढंच विचारून तो खड्ड्यापाशी गेला.

त्या दिवशी चष्मेवाला तापानं फणफणला होता. सकाळी तो दुकान उघडायला निघाला होता, त्याला ओरडून अंथरुणात घातलं होतं. दुपारी सूप गरम करून पिईल असं कबूल केलं होतं, पण हा काय पिणार, कपाटातली बिस्किटं खाईल. टाप्या पडद्यावरच्या माणसाबरोबर जिना चढायला लागला आणि डोक्यात हेच.

"थांबा," दिग्दर्शक म्हणाले. "जरा जड पावलं. हा मरायला चाललाय."

टाप्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यानं खिशात वाळूच्या पिशव्या भरून घेतल्या. पावलं जड झाली खरी, पण हातात सामान घेऊन कुणी घाईनं घर गाठतंय, अशी.

दादा आता फार थकले होते, कान मात्र शाबूत होते. त्यांनी कानांवरचे फोन काढले. "टाप्या, हा मरायला नाही चालला रे. हा घरी चाललाय. कुणीतरी वाट बघतंय याची."

"पाय ऐकत नाहीत," टाप्या म्हणाला. त्याला खरंच लाज वाटली. इतक्या वर्षांत काम अडलं ते त्या न्हाव्यानंतर हे पहिल्यांदा. "उद्या करू का? घरी जरा आजारपण आहे."

पण उद्याला वेळ नव्हता, सिनेमा लागायची तारीख ठरलेली होती. दिग्दर्शकांनी ती पावलं तशीच घेतली. मग रात्रंदिवस कापाकापी करताना त्यांच्या लक्षात आलं, की ही पावलं ऐकल्यावर उडी बघवत नाही. खोटी वाटते. फार चिडले, फार विचार केला आणि शेवटी उडी काढूनच टाकली. मित्र जिना चढत राहतो, पावलं वर वर जातात, पडदा काळा होतो.

लोकांना काही कळेना. मेला की नाही मेला? आणि नाही मेला तर तिकिटाचं काय? पहिल्या खेळाला थोडी गर्दी होती, आठवडा संपता संपता सिनेमा उतरला. निर्मात्यानं सगळ्यांना शिव्या दिल्या. आपल्या वाट्याच्या शिव्या चुकून दिग्दर्शकांना गेल्या, म्हणून टाप्या अपराधी चेहऱ्यानं फिरत राहिला.

"मी एका माणसाला वाचवलं," तो चष्मेवाल्याला म्हणाला, "आणि अख्खा सिनेमा मारला."

"वाचवलं कसलं," चष्मेवाला पांघरुणातून म्हणाला. "तुला सुपाची काळजी होती."

हे खरं होतं. टाप्यानं ते कधी नाकारलंही नाही. पुढे कुणी त्या शेवटाचं कौतुक केलं तरी तो सूपच सांगायचा, आणि लोकांना वाटायचं, किती विनयी माणूस!

मग गुडघे गेले, यंत्रांत साठवलेले आवाज आले, आणि टाप्या घरी बसला. दुकान अजून चालू होतं. तो खाली काउंटरपाशी बसून गिऱ्हाइकांच्या पावलांवरून त्यांचा नंबर ओळखायचा प्रयत्न करायचा. आजतागायत एकही बरोबर आलेला नाही.

एका दुपारी ताईचा फोन आला. ती आता खूप म्हातारी झाली होती आणि फोनवर ओरडून बोलायची. टीव्हीवर तो जिन्याचा सिनेमा लागला होता.

"अरे, त्या पोराचं झालं काय शेवटी? माझी शेजारीण म्हणते मेला."

"नाही गं ताई. मेला नाही."

"नक्की?"

"नक्की. मीच होतो ना जिन्यावर."

"मग तसं दाखवायचं नीट," ताई ओरडली. "माणसाचा जीव टांगणीला! दार उघडलेलं दाखवायचं, आत कुणी आहे ते दाखवायचं, संपलं. एवढी अक्कल नाही का तुमच्या त्या दिग्दर्शकांना?"

चष्मेवाल्याला काउंटरपलीकडे सगळं ऐकू येत होतं. तो भिंगावर फुंकर मारत म्हणाला, "तिला म्हणावं, आत जो आहे त्याला दार उघडायला उठावं लागतं, आणि त्याचेही गुडघे गेलेत."

टाप्यानं ते तसंच्या तसं सांगितलं. ताई इतक्या मोठ्यानं हसली, की त्याला फोन कानापासून लांब धरावा लागला.